हात हेच भांडवल : मालीशचा व्यवसाय निवडण्यापूर्वीचा हिशेब

या पाठात काय शिकाल?
१. मालीशच्या एका भेटीची फी आणि तुमची खरी कमाई यांत किती फरक पडतो.
२. प्रशिक्षण, सामान आणि पहिले सहा महिने मिळून किती पैसा हाताशी हवा.
३. हात थकतील त्या दिवसासाठी आजपासून बचत कशी करायची.

जबलपूरच्या मराठी घरांना मालीश नवी नाही. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. नोकरीनिमित्त इकडे आलेली कितीतरी मराठी कुटुंबे येथेच स्थायिक झाली आणि आपल्या चालीरीतीही त्यांनी जपल्या. दिवाळीचे अभ्यंगस्नान आणि बाळ-बाळंतिणीचे सव्वा महिन्याचे तेल-पाणी त्यांपैकीच. त्यामुळे घरात कोणाच्या हाताला गुण असला की शेजारीपाजारी सहज म्हणतात, "तुम्ही हेच काम का करत नाही? चांगले पैसे मिळतील."

सल्ला वाईट नाही. या कामाला मोठे दुकान किंवा यंत्रे लागत नाहीत. जबलपुरात गिऱ्हाईकही आहे. तोफगाडी कारखाना, वाहन कारखाना, खमरियाचा आयुध कारखाना, रेल्वेच्या पश्चिम मध्य विभागाचे मुख्यालय, उच्च न्यायालय यांमुळे शहरात निवृत्तिवेतनधारक मोठ्या संख्येने राहतात. पाठ, मान आणि गुडघे धरलेल्या ज्येष्ठांना आठवड्यातून एकदा घरी येणारे विश्वासाचे माणूस हवे असते. भेडाघाटला येणारा पर्यटक एक दिवस थांबतो आणि निघून जातो. राइट टाउनमधल्या आजोबांकडे मात्र तुम्ही पाच वर्षे जाऊ शकता. म्हणून हिशेब पर्यटकांच्या गर्दीवर बसवू नका, तो नेहमीच्या घरांवर बसवा.

तरीही चालू नोकरी सोडण्यापूर्वी किंवा साठवलेले पैसे प्रशिक्षणात घालण्यापूर्वी हा पाठ वही-पेन घेऊन वाचा. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या वस्तीत जो भाव चालतो तो घालून हिशेब पुन्हा मांडा.

फी वेगळी, कमाई वेगळी

समजा, तुम्ही घरी जाऊन एका तासाची मालीश करता आणि ४०० रुपये घेता. दिवसाला चार भेटी आणि महिन्याला २४ दिवस काम धरले तर ९६ भेटी होतात. ९६ गुणिले ४०० म्हणजे ३८,४०० रुपये. बहुतेक लोक येथेच थांबतात आणि खूश होतात. आपण पुढे जाऊ.

कोणी गावाला जाते, कोणाकडे पाहुणे येतात, कोणी ऐनवेळी "आज नको" म्हणते. सहापैकी एक भेट अशी बुडते असे धरा. म्हणजे ९६ पैकी ८० भेटी खऱ्या झाल्या.

जमा : ८० × ४०० = ३२,००० रुपये
तेल, टॉवेल, धुलाई (भेटीला ३० रुपये) : २,४०० रुपये
पेट्रोल (दिवसाला १०० रुपये) : २,४०० रुपये
मोबाइल व किरकोळ : ६०० रुपये
एकूण खर्च : ५,४०० रुपये
हातात : २६,६०० रुपये

आता वेळ मोजा. मालीश एक तासाची असली तरी जाणे-येणे, चादर अंथरणे, हात धुणे, आवरणे यात आणखी ४० मिनिटे जातात. ८० भेटींना सुमारे १३३ तास लागतात. २६,६०० भागिले १३३ म्हणजे तासाला सुमारे २०० रुपये. फी ४०० रुपये असली तरी तासाची खरी कमाई त्याच्या निम्मी आहे.

हा आकडा वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे रस्त्यावरचा वेळ कमी करणे. सकाळी रांझी, दुपारी ग्वारीघाट आणि संध्याकाळी पुन्हा अधारताल अशी धावपळ केली तर पेट्रोल आणि वेळ दोन्ही जातात. त्याऐवजी सोमवारी राइट टाउन आणि नेपियर टाउन, मंगळवारी फक्त रांझी, असे वार वाटून घ्या. जास्तीचा वेळ ४० मिनिटांवरून २० मिनिटांवर आला तर त्याच ८० भेटी १०७ तासांत होतात आणि तासाची कमाई २५० रुपयांच्या आसपास जाते. यासाठी फी एक रुपयानेही वाढवावी लागत नाही.

दिवसाला चारच का?

दहा भेटी धरल्या असत्या तर कागदावर कमाई अडीच पट दिसली असती. हात कागदाचे नसतात. या कामात अंगठा, मनगट, खांदे आणि कंबर यांवर सतत ताण येतो. फक्त अंगठ्याच्या जोरावर काम करणाऱ्याचा सांधा काही वर्षांत दुखू लागतो. शिकलेला माणूस तळहात, कोपराखालचा हात आणि शरीराचे वजन वापरतो, टेबलाची उंची आपल्या मापाची ठेवतो आणि दोन भेटींमध्ये विश्रांती घेतो. चांगल्या प्रशिक्षणाचा पैशातला फायदा हाच आहे की त्यामुळे कमाईची वर्षे वाढतात.

बाळ-बाळंतिणीच्या कामाला आणखी एक मर्यादा आहे. सगळ्यांनाच सकाळची वेळ हवी असते, त्यामुळे दोन-तीन घरांपेक्षा जास्त घरे घेता येत नाहीत. एक काम सव्वा महिन्यात संपते आणि पुढचे लगेच मिळेलच असे नाही. म्हणून बाळंतपणाच्या महिन्याची नोंद आधीच वहीत करा, थोडी आगाऊ रक्कम घ्या आणि दुपार-संध्याकाळसाठी ज्येष्ठांची नेहमीची घरे जोडून ठेवा. तेल-मालीश थंडीत जास्त मागितली जाते आणि मे महिन्याच्या उकाड्यात कमी. थंडीतल्या कमाईवर वर्षाचा हिशेब करू नका.

फी भरण्यापूर्वी दोन आठवड्यांची परीक्षा

हे काम आपल्याला झेपेल का, हे जवळजवळ फुकटात कळू शकते. दोन आठवडे, रोज ओळखीच्या तीन माणसांना, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली मालीश करा. रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहा : अंगठा दुखला का, कंबर धरली का, आणि त्या माणसाने पुन्हा बोलावले का. दोन आठवड्यांनंतर हात दुखत असतील आणि कोणी पुन्हा बोलावत नसेल, तर तुमची फीची रक्कम वाचली असे समजा.

प्रशिक्षण निवडताना

आपल्या देशात मालीश करणाऱ्यासाठी वेगळा परवाना देणारा स्वतंत्र कायदा नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात नोंदणी असल्याशिवाय कोणी स्वतःला मसाज थेरपिस्ट म्हणवू शकत नाही. आपल्याकडे अशी व्यवस्था नसल्याने आठ दिवसांचे प्रमाणपत्र देणारेही पाटी लावून बसतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासा.

• प्रमाणपत्र कोण देणार? स्पा थेरपिस्टचे अभ्यासक्रम सौंदर्य व आरोग्यनिगा क्षेत्राच्या कौशल्य परिषदेमार्फत चालतात. केंद्राची नोंद स्किल इंडियाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहा.
• हाच अभ्यासक्रम प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत विनामूल्य मिळतो का? आधी तेथे चौकशी करा.
• पंचकर्माकडे कल असेल तर ग्वारीघाटच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात जाऊन त्या शाखेची माहिती घ्या. योग्य सल्ला तेथेच मिळेल.
• प्रत्यक्ष हाताने सराव किती तास? भिंतीवरच्या पडद्यावर पाहून हात तयार होत नाहीत.
• जुन्या दोन विद्यार्थ्यांची भेट घालून द्याल का, असे विचारा. टाळाटाळ झाली तर समजून घ्या.
• "नोकरीची शंभर टक्के हमी, फक्त आजच सवलत" असे सांगणाऱ्याला त्या दिवशी एक रुपयाही देऊ नका. फी हप्त्यांत भरा आणि प्रत्येक वेळी पावती घ्या.

एक फरक कायम लक्षात ठेवा. फिजिओथेरपिस्ट होण्यासाठी काही वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करावा लागतो. मालीशचे प्रमाणपत्र मिळाल्याने आपण उपचार करणारे होत नाही. ताप, ताजे हाड मोडणे, उघडी जखम किंवा एकाच पायाला अचानक आलेली सूज आणि दुखणे असेल तर मालीश न करता डॉक्टरकडे पाठवा. गरोदर स्त्री, कर्करोगाचा रुग्ण किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती असेल तर डॉक्टरांची परवानगी आधी. बाळाच्या नाकात किंवा कानात तेल घालू नका, घरच्या मोठ्यांनी आग्रह केला तरी नाही. एका चुकीने दहा घरे तुटतात. नकार दिलेल्या भेटीचे ४०० रुपये बुडतात, पण विश्वास टिकतो.

सुरुवातीला खरोखर किती पैसा लागतो?

समजा, प्रशिक्षणाची फी २५,०००, घडीचे टेबल १०,००० आणि टॉवेल, तेल, पिशवी मिळून ५,००० रुपये. एकूण ४०,००० रुपये झाले. अनेकांचा हिशेब येथे संपतो आणि अडचण नेमकी येथूनच सुरू होते.

पहिल्या दिवशी ८० घरे कोणाकडेच नसतात. पहिले सहा महिने निम्मेच काम मिळाले असे धरा. ४० भेटींचे १६,००० रुपये. त्यातून तेल-टॉवेल १,२००, पेट्रोल १,५०० आणि किरकोळ ६०० वजा केले की हातात १२,७०० रुपये राहतात. घरखर्चात तुमचा वाटा १५,००० असेल तर दरमहा २,३०० रुपये कमी पडतात. सहा महिन्यांचे १३,८०० रुपये.

म्हणून खरी गरज अशी :

प्रशिक्षण व सामान : ४०,००० रुपये
सहा महिन्यांची तूट : १३,८०० रुपये
आजारपणासाठी एका महिन्याचा घरखर्च : १५,००० रुपये
एकूण : ६८,८०० रुपये

ही रक्कम जमा होईपर्यंत नोकरी चालू ठेवा. सकाळ-संध्याकाळ दोन घरे धरून कामाला लागा. घरे वाढली की तूट आपोआप कमी होते.

आता हेच काम कर्जावर करून पाहू. एक लाख रुपये, व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत तीन वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ३,३२१ रुपये बसतो आणि एकूण परतफेड १,१९,५०० रुपयांच्या पुढे जाते. पहिल्या सहा महिन्यांत २,३०० रुपयांची तूट होती, ती आता ५,६२१ रुपये होते. सहा महिन्यांत ३३,७२६ रुपये कमी पडतात. म्हणजे कर्जातला तिसरा हिस्सा घरखर्च आणि हप्ते भागवण्यातच संपतो. सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने घेतले तर वर्षाला ३६ टक्के व्याज पडते. एक लाखावर महिन्याला ३,००० रुपये व्याजच जाते आणि मुद्दल होते तेवढेच राहते.

कर्ज लागलेच तर बँकेतून घ्या. प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत मालीशचा समावेश नाही. नाभिक व्यवसाय मात्र आहे. तुमच्या घरात केशकर्तनाचे काम चालत असेल आणि चंपी-मालीश त्याचाच भाग असेल, तर नाभिक म्हणून अर्ज करण्याचा विचार करा. त्यात पहिले कर्ज एक लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने मिळते.

गाळा घ्यावा का?

गोलबाजारात छोटी खोली घेऊन पाटी लावावी असे प्रत्येकाला वाटते. समजा, भाडे ८,००० आणि वीजबिल १,५०० रुपये. एका भेटीतून तेल-टॉवेलचा खर्च जाऊन ३७० रुपये राहतात. ९,५०० भागिले ३७० म्हणजे सुमारे २६ भेटी. महिन्याच्या पहिल्या २६ भेटी तुम्ही घरमालकासाठी करता, सत्ताविसावी भेट तुमची. अनामत रक्कम अडकते ती वेगळीच. शिवाय दुकान व आस्थापना कायद्याची नोंदणी, म्हणजे ज्याला इकडे सगळे गुमास्ता म्हणतात ती, करावी लागते. वर्षभर घरोघरी काम करून महिन्याला ८० भेटी टिकल्या तरच गाळ्याचा विचार करा.

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालांपासून दूर राहा.

नोकरीचा पर्याय

हॉटेल किंवा स्पामध्ये नोकरी मिळत असेल तर पगाराचा आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका. चार प्रश्न विचारा : दिवसाला किती जणांची मालीश करावी लागेल? गिऱ्हाईक न आल्यास पगार कापणार का? प्रमाणपत्राची मूळ प्रत ठेवून घेणार का? कर्मचारी राज्य विमा आणि भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? राज्य विमा साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो. त्यात कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. हाताने कमावणाऱ्याला हे संरक्षण मोलाचे आहे. थोडा कमी पगार पण विमा, असा सौदा पुष्कळदा फायद्याचा ठरतो.

सुरक्षितता हीसुद्धा पुंजी आहे

काही ठिकाणी या कामाच्या नावाखाली गैरप्रकार चालतात. त्यामुळे घरचे लोक "हे काम नको" म्हणतात. त्यांची काळजी समजून घ्या आणि नियम ठरवून त्यांना सांगा. स्त्रियांनी स्त्रियांचेच आणि पुरुषांनी पुरुषांचेच काम घ्यावे. पहिली भेट घरात दुसरी व्यक्ती असतानाच. कोणत्या घरी, किती वाजता जाणार हे घरच्यांना आधी कळवा. अनोळखी माणसाने केवळ जास्त पैसे देऊ केले म्हणून रात्रीची भेट घेऊ नका. फी खात्यावर घ्या, म्हणजे नोंद राहते.

या कामासाठी वेगळे बचत खाते उघडा. सगळी फी त्यातच जमा करा आणि घरखर्चाची ठरलेली रक्कम महिन्यातून एकदाच काढा. वर्षभराचे असे खाते बँकेत दाखवले की तुमची कमाई सिद्ध करायला दुसरा पुरावा शोधावा लागत नाही.

हातनिधी

शिवणयंत्र बिघडले तर दुसरे आणता येते. आपले हात बदलता येत नाहीत. म्हणून या व्यवसायात तीन पातळ्यांवर तरतूद हवी.

पहिली, अपघातासाठी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराला ती घेता येते. अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन्ही हात निकामी झाल्यास २ लाख रुपये, एक हात निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. मात्र हा विमा फक्त अपघाताचा आहे. वर्षानुवर्षांच्या कामाने अंगठा दुखू लागला तर त्यातून काही मिळत नाही.

दुसरी, थकव्यासाठी. ज्याची भरपाई विमा देत नाही, त्याची तरतूद स्वतः करावी लागते. प्रत्येक भेटीचे २५ रुपये बाजूला टाका. ८० भेटींचे महिन्याला २,००० रुपये होतात. ते डाकघरातल्या किंवा बँकेतल्या आवर्ती ठेवीत भरा. पाच वर्षांत १,२०,००० रुपये मुद्दल जमते, व्याज वेगळे. हाताला तीन महिने विश्रांती द्यावी लागली तर घर चालेल, आणि तशी वेळ आली नाही तर हीच रक्कम पुढच्या शिक्षणाला किंवा टेबल-खोलीला उपयोगी पडेल.

तिसरी, म्हातारपणासाठी. ज्याच्या हाताला पगार नाही त्याला निवृत्तिवेतनही नाही. १८ ते ४० वयाच्या आणि आयकर न भरणाऱ्या व्यक्तीला अटल पेन्शन योजना घेता येते. तिसाव्या वर्षी सुरू केली तर महिन्याला ५७७ रुपये भरून साठीनंतर दरमहा ५,००० रुपये मिळण्याची हमी आहे. चाळिसाव्या वर्षी सुरू केली तर त्याच पेन्शनसाठी महिन्याला १,४५४ रुपये भरावे लागतात. दहा वर्षे थांबण्याची ही किंमत आहे.

आपल्या उदाहरणात पूर्ण काम मिळू लागले की २६,६०० रुपये हातात येतात. घरखर्च १५,०००, हातनिधी २,००० आणि पेन्शन ५७७ वजा जाता सुमारे ९,००० रुपये उरतात. म्हणजे हा व्यवसाय कुटुंबाला हातभार लावू शकतो. अट एवढीच की सुरुवात बचतीतून व्हावी आणि चार भेटींची मर्यादा पाळली जावी.

स्वतः करून पाहा

१. तुमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत राहणारी, महिन्यातून किमान चार वेळा बोलावतील अशी किती घरे आहेत? नावे लिहा. दहा नावेही होत नसतील तर फी भरण्याची घाई करू नका.
२. तुमच्या वस्तीतला भाव घालून ४० भेटींचा आणि ८० भेटींचा हिशेब मांडा.
३. घरखर्चातला तुमचा वाटा किती, हे घरच्यांसोबत बसून ठरवा आणि सहा महिन्यांची तूट काढा.
४. तुमची आजची बचत आणि लागणारी रक्कम यांतला फरक किती? तो भरायला किती महिने लागतील? तोच महिना कॅलेंडरवर खूण करून ठेवा. नोकरी सोडायची तर त्यानंतर.